नदीपलीकडची स्वयंपाकीण

न्यूयॉर्कला पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाची यादी ठरलेली असते. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, ब्रुकलिनचा पूल, सेंट्रल पार्क. धाकट्या बहिणीने ती यादी मी इंदूरहून निघण्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. मी त्यात खाली एक नाव घातलं, तर तिचा लगेच फोन. "ताई, हंट्स पॉइंटला कोण जातं? तिथे ट्रक आणि भाजीबाजाराशिवाय काही नाही."

मला तिथल्या नदीकाठी उभं राहून एक बेट बघायचं होतं. बेटावर जायला परवानगी नाही, ते लांबूनच बघावं लागतं, हे मला माहीत होतं. का बघायचं होतं, ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही. आमची आई चाळीस वर्षं लोकांच्या घरी पोळ्या करायला जात होती, त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

ऑगस्टातल्या एका रविवारी सकाळी मी एकटीच निघाले. बहीण क्वीन्समध्ये राहते. तिथून मॅनहॅटनला येऊन ६ नंबरची गाडी पकडायची आणि ब्राँक्समध्ये हंट्स पॉइंट अ‍ॅव्हेन्यूला उतरायचं. पुढे अर्धा तास पायी. बहीण म्हणाली ते खोटं नव्हतं. टायर बदलायची दुकानं, कुंपणामागे लावलेले ट्रक, गाड्यांच्या काचा विकणारी गोदामं. फुटपाथवर माझ्याशिवाय कुणी नाही. न्यूयॉर्क शहराची भाजी, फळं, मांस, मासळी या भागातल्या घाऊक बाजारांतून जाते. मोठमोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतलं सामान इथून निघतं म्हणे. म्हणजे शहराचं कोठीघरच हे.

रस्ता संपतो तिथे बरेटो पॉइंट पार्क आहे. छोटीशी बाग, थोडी हिरवळ, काठाला कठडा. उन्हाळ्यात इथे एक मोठा तराफा आणून बांधतात आणि त्यावर पोहण्याचा तलाव असतो. तलाव उघडायची वाट बघत मुलं टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभी होती. शेजारीच शहराचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र आहे. वारा फिरला की ते सांगावं लागत नाही. डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी लाग्वार्डिया विमानतळाकडे उतरणारं विमान जातं, इतकं खाली की चाकं दिसतात.

आणि समोर, पाण्यापलीकडे, ते बेट. नॉर्थ ब्रदर आयलंड. लांबून बघितलं तर नुसती झाडी. डोळे सरावले की त्या झाडीतून वर आलेली विटांची धुराडी दिसते, एखाद्या इमारतीचा कोपरा दिसतो. कठड्याशी एक आजोबा गळ टाकून बसले होते. त्यांना विचारलं, तिथे काय आहे? ते म्हणाले, "पक्षी." थोड्या वेळाने म्हणाले, "माणसांना बंदी."

बंदी खरी आहे. बेट आता पक्ष्यांसाठी राखून ठेवलंय आणि महापालिकेच्या उद्यान विभागाच्या ताब्यात आहे. पण १८८५ मध्ये रिव्हरसाइड हॉस्पिटल या बेटावर हलवलं, ते माणसांसाठीच. देवी, टायफस, क्षय, जे जे रोग शहराला आपल्यात नको होते, त्यांचे रोगी होडीतून इथे यायचे. बरे झालेले परत जायचे. १५ जून १९०४ ला जनरल स्लोकम नावाची आगबोट सहलीला निघालेल्या बायका-मुलांसकट नदीत पेटली आणि याच बेटाच्या काठाला येऊन लागली. हजाराहून जास्त माणसं गेली. हॉस्पिटलमधल्या परिचारिका आणि चालता येणारे रोगीसुद्धा पाण्यात उतरून माणसं ओढून काढत होते.

मी मात्र आले होते एकाच बाईसाठी. ती इथे २६ वर्षं राहिली आणि तिला स्वतःला एकही दिवस तो रोग झाल्याचं आठवत नव्हतं.

मेरी मॅलन. १८६९ मध्ये आयर्लंडच्या टायरोन परगण्यातल्या कुक्सटाउनला जन्मली. पंधराएक वर्षांची असताना एकटी अमेरिकेत आली. आयरिश मुलींना तेव्हा मिळायचं ते काम तिनेही धरलं, घरकामाचं. पण मेरीच्या हाताला चव होती. घरकामाच्या बायकांमध्ये स्वयंपाकीण म्हणजे सर्वांत वरची, पगारही सर्वांत जास्त. श्रीमंत कुटुंबं तिला उन्हाळ्यात आपल्याबरोबर समुद्रकाठच्या बंगल्यांवरही नेत.

१९०६ च्या उन्हाळ्यात चार्ल्स वॉरन नावाच्या बँकवाल्याने लाँग आयलंडच्या ऑयस्टर बे इथे एक बंगला भाड्याने घेतला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात घरातल्या अकरापैकी सहा जणांना टायफॉइड झाला. आपल्याकडे याला मुदतीचा ताप म्हणतात, आमच्या इंदूरकडे मोतीझरा. तेव्हा हा गरिबांच्या वस्तीतला रोग मानत, ऑयस्टर बेला तो होतच नसे. घरमालक घाबरला. रोगाचं घर म्हणून नाव पडलं तर पुढच्या वर्षी भाडेकरू कुठून येणार? त्याने जॉर्ज सोपर नावाच्या तज्ज्ञाला बोलावलं. हा डॉक्टर नव्हता, पाणी आणि सांडपाण्याचा अभियंता होता.

पाणी, दूध, मोऱ्या यांत काही सापडत नव्हतं. समुद्रकाठावरून घेतलेल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांवर सोपरचा संशय होता, पण त्या तर गावात सगळेच खात होते. मग त्याने विचारलं, घरात माणसं कोण बदलली? उत्तर आलं, स्वयंपाकीण. ४ ऑगस्टला नवी आली होती आणि आजार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत निघूनही गेली होती. जंतू पोटात गेल्यापासून ताप चढेपर्यंत एक ते तीन आठवडे जातात. हिशेब जुळत होता.

सोपर तिच्या जुन्या नोकऱ्यांच्या मागे लागला. आठ घरं सापडली, त्यांतल्या सातांत टायफॉइड. एकंदर २२ रुग्ण, एक मृत्यू. त्यातलं एक घर मला विसरता येत नाही. १९०२ मध्ये मेन राज्यात समुद्रकाठी राहायला गेलेल्या एका कुटुंबात बहुतेक सगळे अंथरुणाला खिळले. मेरी पळून गेली नाही. तिने घरमालकाच्या बरोबरीने सगळ्यांची सेवा केली. मालकाने खूश होऊन तिला पगारावर ५० डॉलर बक्षीस दिलं. तिनेच आणलेल्या आजारातून तिनेच त्यांना वर काढलं होतं आणि हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

निरोगी माणूस रोग पसरवू शकतो, ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी ती नुकतीच मांडली होती. टायफॉइडमधून उठलेल्या शंभरातल्या दोन ते पाच जणांच्या पित्ताशयात जंतू ठाण मांडून बसतात. माणसाला काही होत नाही. काहींना तर मूळ तापही इतका हलका येऊन जातो की साधी कणकण वाटते. पण जंतू विष्ठेवाटे बाहेर पडत राहतात, वर्षानुवर्षं. हात नीट धुतले नाहीत तर ते अन्नात जातात. शिजवलेल्या अन्नात ते मरतात. म्हणून सोपर अडला होता. स्वयंपाकीण तर सगळं शिजवूनच वाढणार! मग त्याला कळलं, मेरीचा एक पदार्थ त्या घरात फार आवडायचा. आइस्क्रीम, त्यात ताजे पीच चिरून घातलेले. कच्चं फळ, गार दूध-साय आणि चिरणारे हात.

१९०७ मध्ये सोपर तिला शोधत पार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका घरी पोचला. तिथेही आजार आला होता आणि त्या घरची तरुण मुलगी त्यात दगावली. सोपर थेट स्वयंपाकघरात शिरला आणि मेरीला म्हणाला, तुझ्यामुळे लोक आजारी पडतायत, तुझी लघवी, विष्ठा आणि रक्त तपासायला हवं. मेरीने मांस कापताना धरायचा मोठा काटा उचलला आणि त्याच्यावर धावून गेली. तो अंगणातून रस्त्यावर पळाला.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी हसत हसत सांगितलेला असतो. मी तो वाचला तेव्हा मला हसू आलं नाही. सदतीस वर्षांची बाई, स्वतःच्या हाताने कमावणारी, आयुष्यात कधी आजारी न पडलेली. एक अनोळखी पुरुष तिच्या ओट्यापाशी येऊन तिची विष्ठा मागतो. माझ्या आईने काय केलं असतं? लाटणं तरी नक्की उचललं असतं.

मग आरोग्य खात्याने एका स्त्री डॉक्टरला पाठवलं, सारा जोसेफिन बेकर. साराचे वडील आणि भाऊ ती सोळा वर्षांची असताना टायफॉइडनेच गेले होते, त्यामुळेच ती डॉक्टर झाली. पोलीस घेऊन ती आली तेव्हा मेरी मागच्या मागे निसटली. बाकी नोकरांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही, आम्ही पाहिलंच नाही म्हणाले. कित्येक तास शोधाशोध झाली. शेवटी शेजारच्या घरात जिन्याखालच्या कोठडीच्या दारात निळ्या कापडाचं एक टोक अडकलेलं दिसलं. तिला उचलून रुग्णवाहिकेत घातलं. हॉस्पिटल येईपर्यंत सारा अक्षरशः तिच्या अंगावर बसून होती.

तपासणीत जंतू सापडले, भरपूर. पित्ताशय काढून टाकू म्हणाले, तर मेरीने नकार दिला. त्या काळच्या शस्त्रक्रियेची खात्री नव्हती, आणि जो रोग आपल्याला नाही त्यासाठी पोट का फाडून घ्यायचं? मग तिला इथे आणलं, या समोरच्या बेटावर. नदीकाठचं एक छोटं घर दिलं. खटला नाही, शिक्षा नाही, मुदत नाही. पुढच्या दोन वर्षांत तिचे १६३ नमुने तपासले, त्यांतल्या १२० मध्ये जंतू होते. तिने एका खासगी प्रयोगशाळेकडून स्वतः तपासण्या करून घेतल्या, त्या सगळ्या निर्दोष आल्या. कुणावर विश्वास ठेवायचा? जंतू रोज सारखे बाहेर पडत नाहीत, हे आज आपल्याला माहीत आहे. तिला मात्र वाटलं, हे लोक खोटं बोलतायत.

१९०९ मध्ये ती कोर्टात गेली आणि हरली. त्याच वर्षी एका वर्तमानपत्राने तिचं चित्र छापलं. चुलीपाशी उभी असलेली बाई अंडी फोडावीत तशा छोट्या छोट्या कवट्या तव्यात फोडतेय. 'टायफॉइड मेरी' हे नाव तिला चिकटलं, ते आजपर्यंत.

इथे मला आईकडे यावं लागतं. २०२० चा जुलै. आईची चार घरं होती, दोन मराठी, दोन हिंदी. टाळेबंदी उठल्यावर तिने पुन्हा जायला सुरुवात केली होती, मास्क लावून. गल्लीत एक रुग्ण निघाला म्हणून सगळ्यांची तपासणी झाली. मी, बाबा, शेजारी, सगळे ठीक. आईची पॉझिटिव्ह. ताप नाही, खोकला नाही, चव गेलेली नाही. त्या दिवशी तिने कांद्याची भजी केली होती. दारावर कागद लागला, गाडी आली. गाडीत चढताना ती एकच वाक्य म्हणत होती, "पण मला काही झालेलंच नाही." चौदा दिवस एका मोठ्या हॉलमध्ये ती बसून राहिली. परत आली तेव्हा कळलं, चारांपैकी एका घरातले आजोबा करोनाने गेले. ब्याऐंशी वर्षांचे. तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत आई त्यांना गरम फुलके वाढत होती.

कुणाकडून कुणाला, हे कुणी सांगू शकलं नाही. त्या घरात तीन मुलगे बाहेर जात-येत होते, दूधवाला यायचा, औषधवाला यायचा. त्यांनी आईला एक शब्दही वाईट बोलला नाही. फक्त तिचा हिशेब पाकिटात घालून चौकीदाराकडे ठेवला. रात्री आईने मला विचारलं, "माझ्यामुळेच ना गं?" मी म्हटलं, "नाही गं आई, काहीतरीच काय." फार पटकन म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

मेरीबद्दल मी त्यानंतर वाचायला घेतलं. आधी तिच्या बाजूने वाचत होते, हे कबूल करते. १९१० मध्ये नवे आरोग्य आयुक्त अर्न्स्ट लेडर्ली आले आणि त्यांनी तिला सोडलं. अट एकच, पुन्हा स्वयंपाक करायचा नाही. तिने तसं लिहून दिलं. तिला कपडे धुण्याचं काम मिळालं. धोबिणीचा पगार स्वयंपाकिणीपेक्षा बराच कमी आणि मान त्याहून कमी. काही काळाने ती दिसेनाशी झाली.

१९१५ च्या सुरुवातीला मॅनहॅटनमधल्या स्लोन प्रसूतिगृहात टायफॉइड पसरला. २५ जण आजारी पडले, बहुतेक डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी. दोघे दगावले. स्वयंपाकघरात मिसेस ब्राउन नावाची एक बाई होती. हस्ताक्षरावरून सोपरने ओळखलं.

इथे माझी वकिली संपते. पहिल्या वेळी तिला ठाऊक नव्हतं. या वेळी निदान सांगितलेलं तरी होतं, आणि ती गेली ती बाळंतिणींच्या हॉस्पिटलात, खोटं नाव घेऊन. तिला खरंच पटलं नव्हतं की पोटाने पटू दिलं नाही? मला वाटतं, दोन्ही. जी गोष्ट मान्य केली की हातातलं काम जातं, ती मान्य करणं फार अवघड असतं. पण त्या दोघांचा जीव तर गेलाच.

तरी एक गोष्ट खटकते. तोपर्यंत शहराला असे वाहक आणखी सापडू लागले होते. मेरी गेली त्या सुमारास न्यूयॉर्कच्या नोंदीत चारशेहून जास्त निरोगी वाहक होते. त्यांच्यापैकी कुणालाही जन्मभर कोंडलं नाही. टोनी लाबेला नावाच्या माणसामुळे १२२ जण आजारी पडले आणि पाच मेले. मेरीच्या नावावर पन्नासच्या आसपास रुग्ण आणि तीन मृत्यू आहेत. अल्फॉन्स कोटिल्स हा बेकरी आणि रेस्टॉरंटचा मालक १९२४ मध्ये बंदी मोडताना पकडला गेला. न्यायाधीशांनी त्याला सोडून दिलं, कारण यापुढे धंदा फोनवरून करीन असं त्याने कबूल केलं. स्वयंपाकीण फोनवरून स्वयंपाक कशी करणार? काहींना खात्याने दुसरं काम लावून दिलं. मेरीला १९१० मध्ये एखादं बरं काम शिकवलं असतं, पगाराची तूट भरून दिली असती, तर ते प्रसूतिगृह वाचलं असतं की नाही, कोण जाणे. एकटी, परदेशातून आलेली, तापट आणि बाई, हे सगळं तिच्या विरुद्ध गेलं एवढं खरं.

मार्च १९१५ मध्ये ती परत या बेटावर आली, ती कायमची. हळूहळू ती निवळली. बेटावरच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम करू लागली. दिवसापुरतं शहरात जाऊन यायची परवानगी मिळाली आणि संध्याकाळी ती आपणहून परत येई. १९३२ मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. ११ नोव्हेंबर १९३८ ला ती गेली. दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल हे पहिलं औषध सापडलं. आता वाहकांनाही प्रतिजैविकांनी बरं करता येतं.

तिचं घर आता बेटावर नाही. हॉस्पिटलचं पुढे व्यसनी मुलांसाठी उपचारकेंद्र झालं, १९६३ मध्ये तेही बंद पडलं आणि झाडांनी इमारती गिळल्या. ती या ब्राँक्समध्येच सेंट रेमंड्स दफनभूमीत आहे. जायचा विचार होता, पण ऊन चढलं आणि पायात त्राण राहिलं नाही.

साडेदहा वाजले होते. म्हणजे इंदूरला रात्रीचे आठ. कठड्याला टेकून मी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती कणीक मळत होती, फोन तिने तेलाच्या बरणीला टेकवून ठेवला. मी तिला बेट दाखवलं आणि सगळं सांगितलं, काट्यापासून धोबिणीच्या पगारापर्यंत. ती मध्ये काही बोलली नाही. आजोबांचं नाव मी काढलं नाही, तिनेही नाही.

मग तिने विचारलं, "तिथे त्या घराला स्वयंपाकघर होतं का?"

"होतं म्हणतात."

"मग कुणासाठी करायची?"

मी म्हटलं, "स्वतःसाठीच करत असेल."

आईने कणकेच्या गोळ्याला तेलाचा हात लावला, वर ताट झाकलं आणि नळाखाली हात धरले. साबण लावून, नखांपर्यंत, बराच वेळ. २०२० पासून ती तसेच धुते. माझ्या मागे तलावाचं फाटक उघडलं आणि मुलं ओरडत आत धावली. तिने विचारलं, "कसला गं एवढा गलका?"